फुक्स: कोल्ह्यावरून आलेलं एक जर्मन आडनाव (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

जर्मन आडनावांत प्राणी-पक्षी पुष्कळ आहेत. वोल्फ म्हणजे लांडगा, हिर्श म्हणजे सांबराच्या जातीचं हरीण, आडलर म्हणजे गरुड, क्रेब्स म्हणजे खेकडा, हान म्हणजे कोंबडा. या सगळ्यांत 'फुक्स' या आडनावाचा माग काढायला मला सर्वांत जास्त आवडतं. वनस्पतिशास्त्र, गणित, नेत्रवैद्यक, संगीत, फुटबॉल, दक्षिण ध्रुव, अणुबाँब अशा एकमेकांशी काहीही नातं नसलेल्या ठिकाणी ते भेटत राहतं. त्याबद्दल जे प्रश्न हमखास विचारले जातात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

उच्चार नेमका काय करायचा?

फुक्स. रोमन स्पेलिंग पाहून 'फुच्स' किंवा 'फुश' म्हणावंसं वाटतं, पण दोन्ही चूक. या आडनावाच्या शेवटी सी, एच आणि एस ही अक्षरं ओळीने येतात आणि जर्मनमध्ये शब्दाच्या मुळातच ती अशी आली की त्यांचा उच्चार 'क्स' होतो. सहा या आकड्याला जर्मनमध्ये 'झेक्स' म्हणतात, तिथेही हीच अक्षरं आहेत.

अर्थ कोल्हा की खोकड?

काटेकोर बोलायचं तर खोकड. मराठी मुलखात रात्री कोल्हेकुई करणारा कोल्हा हा लांडग्या-कुत्र्याच्या कुळातला, तर जर्मनीच्या रानातला 'फुक्स' हा तांबड्या अंगाचा, झुबकेदार शेपटीचा प्राणी आपल्या माळरानावरच्या खोकडाचा भाऊबंद. पण मराठीत इसापाच्या द्राक्षांपर्यंत उडी मारणारा कोल्हाच आहे, धूर्तपणाही त्याच्याच नावावर जमा आहे आणि आडनावही कोल्हे असंच आहे. म्हणून या पानावर मी कोल्हा हाच शब्द वापरते.

हे आडनाव लोकांना पडलं कसं?

बाराव्या ते पंधराव्या शतकात जर्मन शहरं वाढली. एका गल्लीत चार-चार हान्स राहायला लागले, तेव्हा कारभाऱ्यांना नोंदी करताना पहिलं नाव पुरेना. मग कुणी गावावरून, कुणी धंद्यावरून, तर कुणी टोपणनावावरून ओळखला जाऊ लागला. तांबड्या केसांच्या माणसाला फुक्स म्हणणं साहजिक होतं. चलाख माणसालाही ते नाव चिकटलं. कधी घराच्या दर्शनी भिंतीवर कोल्ह्याचं चित्र असायचं, त्यावरून त्या घरातले लोक फुक्स झाले. घरांना क्रमांक येण्याआधी युरोपातल्या शहरांत घर ओळखायची हीच रीत होती.

दुसरा प्रवाह बराच नंतरचा आणि सक्तीचा आहे. मध्य युरोपातले बहुतेक ज्यू लोक पिढ्यानपिढ्या 'अमक्याचा मुलगा तमका' असंच नाव लावत. १७८७ मध्ये सम्राट दुसरा योझेफ याने ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग राज्यातल्या ज्यूंना कायमचं जर्मन आडनाव घेण्याचा हुकूम काढला. प्रशियाने १८१२ मध्ये तशीच अट घातली. त्या वेळी अनेक कुटुंबांनी प्राण्यांची नावं घेतली, त्यात फुक्सही होतं.

म्हणजे एकाच आडनावामागे कुठे शेजाऱ्यांनी ठेवलेलं नाव आहे, कुठे भिंतीवरचं चित्र आहे, तर कुठे सरकारी हुकूम. पुढची सगळी माणसं वाचताना हे ध्यानात असू द्या.

मग फुक्स आडनाव दिसलं की माणूस ज्यू समजायचा का?

नाही, आणि तसं समजू नयेच. खाली येणारा लेओनहार्ट फुक्स प्रॉटेस्टंट होता, क्लाउस फुक्स ल्यूथरपंथी पाद्र्याचा मुलगा होता. लाझारुस फुक्स आणि गॉटफ्रीड फुक्स ज्यू कुटुंबांत जन्मले. आडनावावरून धर्म हुडकण्याची सवय जर्मनीत विसाव्या शतकात कुठवर गेली हे ठाऊक असताना ही चूक तरी आपण करू नये असं मला मनापासून वाटतं.

फुक्स आडनावाची सगळी माणसं एकमेकांची नातेवाईक आहेत का?

नाहीत. टोपणनावावरून आलेलं आडनाव शेकडो गावांत आपापलं जन्माला येतं. घाटावरचे लांडगे आणि मराठवाड्यातले लांडगे जसे एका घरातले असायलाच हवेत असं नाही, तसंच हे. बव्हेरिया आणि ऑस्ट्रियात हे आडनाव विशेष दाट आहे आणि आजही ते जर्मन भाषिक देशांतल्या नेहमीच्या आडनावांपैकी एक आहे.

फॉस, फुक्स आणि 'एक्स'ने संपणारं फुक्स, ही एकच आडनावं का?

मूळ एकच. उत्तर जर्मनीच्या सखल भागातल्या बोलीत कोल्ह्याला 'फॉस' म्हणतात, डच लोक 'फॉस' किंवा 'दे फॉस' लावतात. होमरची महाकाव्यं जर्मनमध्ये आणणारा योहान हाइनरिश फॉस (१७५१–१८२६) अर्थाने फुक्सच. चेक आणि पोलिश मुलखात हे आडनाव उच्चाराप्रमाणे, 'के-एस'ने लिहितात. चेक कादंबरीकार लाडिस्लाव फुक्स हे त्याचं उदाहरण.

'एक्स'ने संपणारं स्पेलिंग ऑस्ट्रियाच्या श्टायरमार्क प्रांतातल्या योहान योझेफ फुक्समुळे अजरामर झालं. शेतकऱ्याचा हा मुलगा व्हिएन्नाच्या दरबारात प्रमुख संगीतकार झाला. स्वरांच्या ओळी एकमेकींशी कशा गुंफायच्या, हे शिकवणारा ग्रंथ त्याने १७२५ मध्ये लॅटिनमध्ये लिहिला, तोही गुरू-शिष्याच्या संवादाच्या रूपात. हायडनने तो घरी बसून एकट्याने गिरवला, बेथोव्हेन त्यातूनच शिकला. पाश्चात्त्य संगीत शिकणारी मुलं आजही त्याच्या पाच पायऱ्यांनी काउंटरपॉइंटचे धडे गिरवतात.

त्याच प्रांतातून दीडशे वर्षांनी नेहमीच्या स्पेलिंगचा रोबर्ट फुक्स (१८४७–१९२७) आला. त्याच्या रचना आता फारशा वाजत नाहीत, पण त्याचे शिष्य पाहा: माहलर, सिबेलियुस, हुगो वोल्फ. आडनावांच्या हिशेबात कोल्ह्याच्या हाताखाली लांडगा शिकला.

सर्वांत जुना प्रसिद्ध फुक्स कोण?

लेओनहार्ट फुक्स. जन्म १५०१, बव्हेरियातलं वेमडिंग गाव. पेशाने वैद्य. १५३५ पासून १५६६ मध्ये मरेपर्यंत तो ट्युबिंगेन विद्यापीठात प्राध्यापक होता.

त्या काळचे वैद्य औषधी वनस्पती ग्रीक आणि अरबी ग्रंथांतून पाठ करत. झाड प्रत्यक्ष पाहिलेलं असेलच याची खात्री नसे. झाडपाला ओळखण्यात चूक झाली की रोगी दगावे. फुक्सने ठरवलं की झाड समोर ठेवून त्याचं चित्र काढायचं आणि वैद्याने त्या चित्रावरून झाड ओळखायचं. १५४२ मध्ये बाझेल शहरात त्याचा लॅटिन ग्रंथ छापून निघाला. सुमारे पाचशे वनस्पती, आणि जवळजवळ प्रत्येकीचं पानभर लाकडी ठशाचं चित्र. पुढच्याच वर्षी जर्मन आवृत्ती आली, म्हणजे लॅटिन न जाणणाऱ्यालाही ते ज्ञान खुलं झालं.

या ग्रंथातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट शेवटच्या पानांवर आहे. झाडं रंगवणारा आल्ब्रेख्त मायर, ती चित्रं लाकडी फळीवर उतरवणारा हाइनरिश फ्युलमाउरर आणि ठसा कोरणारा फाइट रुडोल्फ श्पेक्ले, या तिघांची चित्रं नावांसकट तिथे छापली आहेत. त्या काळात विद्वानाच्या पुस्तकात कारागिरांना असं मानाचं पान मिळणं फार दुर्मीळ होतं.

या ग्रंथाचा आपल्याकडच्या कशाशी संबंध आहे का?

आहे, मिरचीशी. युरोपातल्या मिरचीच्या सर्वांत जुन्या छापील चित्रांपैकी काही या ग्रंथात आहेत आणि तिथे फुक्सने तिला 'कालिकतची मिरी' असं नाव दिलं आहे. मिरची अमेरिकेतून आली हे त्याला ठाऊक नव्हतं. मसाल्याचे पदार्थ मलबारच्या किनाऱ्यावरून येतात, तेव्हा हे तिखट फळही तिथलंच असणार, असा त्याचा समज झाला. गंमत अशी की ज्या मिरचीला तो हिंदुस्थानची समजत होता, ती खुद्द हिंदुस्थानात पोर्तुगीज जहाजांतून नुकतीच उतरली होती. मक्याबाबतही त्याची अशीच फसगत झाली. अमेरिकेतल्या मक्याला त्याने 'तुर्की धान्य' म्हटलं.

दुसरा संबंध हृदयरोग्यांच्या गोळ्यांच्या डबीत सापडेल. 'डिजिटॅलिस' हे वनस्पतीचं लॅटिन नाव फुक्सने पाडलं. तिची फुलं शिवताना बोटात घालायच्या टोपणासारखी दिसतात, म्हणून जर्मन लोक तिला टोपणच म्हणत. फुक्सने त्यावरून बोटाशी संबंधित असा लॅटिन शब्द घेतला. आज हृदयाच्या ठोक्यांसाठी दिलं जाणारं डिगॉक्सिन याच कुळातल्या झाडापासून मिळतं. हृदयावर इलाज म्हणून तिचा पद्धतशीर अभ्यास मात्र १७८५ मध्ये विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने मांडला. फुक्सचं काम नावापुरतं.

फ्युशियाचं फूल याच फुक्सच्या नावाचं का?

हो, पण त्याने ते जन्मात कधी पाहिलं नाही. शार्ल प्ल्युमिए हा फ्रेंच संन्यासी राजाच्या खर्चाने कॅरिबियन बेटांवर वनस्पती शोधत फिरत होता. सतराव्या शतकाच्या शेवटी हिस्पॅनिओला बेटावर त्याला लोंबत्या, केशरी-लाल फुलांचं एक झुडूप दिसलं. १७०३ मध्ये छापलेल्या ग्रंथात त्याने ते लेओनहार्ट फुक्सला अर्पण केलं. फुक्सला जाऊन तेव्हा १३७ वर्षं झाली होती. या कुळात शंभरावर जाती आहेत. बहुतेक मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या, थोड्या न्यूझीलंड आणि ताहितीच्या. न्यूझीलंडमधल्या एका जातीचा तर चांगला वृक्ष होतो.

प्ल्युमिएच्या स्वतःच्या नावाचं झाडही आहे आणि ते आपल्या रोजच्या ओळखीचं आहे. देवळाच्या आवारातला पांढरा चाफा, शास्त्रीय नाव प्लुमेरिया.

इंग्रजी बोलणाऱ्यांनी या फुलाचा उच्चार 'फ्यूशा' असा करून टाकला, त्यामुळे त्यात एक माणूस दडला आहे हे ऐकून कळतच नाही. स्पेलिंगमध्ये तो अजून जागेवर आहे. ते चुकू नये म्हणून आधी फुक्स लिहायचं आणि पुढे 'इया' जोडायचं.

आणि फ्युशिया रंग? फुक्सिन?

साडीच्या दुकानात ज्याला फ्युशिया किंवा राणी रंगाच्या जवळचा गडद गुलाबी म्हणतात, तो रंग फुलावरून आला. पण मधे एक कारखाना आहे. १८५९ मध्ये फ्रान्सच्या लियाँ शहरात फ्रांस्वा-एमान्युएल व्हेर्गँ या रसायनतज्ज्ञाने अ‍ॅनिलिनपासून एक भडक जांभळट-लाल रंग बनवला आणि रनार बंधूंच्या कंपनीने तो 'फुक्सिन' या नावाने बाजारात आणला. नावाचं एक कारण फुलाच्या रंगाशी साम्य. दुसरं कारण असंही सांगतात की फ्रेंचमध्ये रनार म्हणजे कोल्हा, म्हणून मालकांच्या आडनावाचं जर्मन रूप रंगाला दिलं. दोन्ही कारणं एकाच वेळी खरी असायला हरकत नाही. त्याच वर्षी इटलीत माजेंता गावाजवळ फ्रेंचांनी लढाई जिंकली आणि तोच रंग माजेंटा या नावानेही प्रसिद्ध झाला.

या रंगाचं सर्वांत मोठं काम कापडावर झालं नाही, काचेच्या पट्टीवर झालं. रोबर्ट कोखने १८८२ मध्ये क्षयाचा जंतू दाखवला. त्या जंतूच्या भिंतीत मेणासारखा थर असतो, त्यामुळे साधा रंग आत शिरत नाही. फ्रांत्स झील आणि फ्रीडरिश नेल्सन या दोन जर्मन डॉक्टरांच्या कामातून जी रीत ठरली, तिच्यात थुंकीचा नमुना पट्टीवर पसरून त्यावर फिनॉलमधलं फुक्सिन ओततात आणि पट्टी खालून गरम करतात. रंग आत शिरतो. मग आम्लाने धुतलं की बाकी सगळ्याचा रंग जातो, क्षयाचा जंतू मात्र तो सोडत नाही. वरून निळा रंग दिला की निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या दिसतात. भारतातल्या सरकारी दवाखान्यांत कित्येक दशकं क्षयाचं निदान याच परीक्षेने झालं. नव्या जनुकीय चाचण्या आल्या तरी 'थुंकी तपासून आणा' म्हटल्यावर प्रयोगशाळेच्या टेबलावर जी लाल बाटली असायची, तिच्यावर या कोल्ह्याचं नाव होतं.

डोळ्याच्या डॉक्टरांनी 'फुक्स डिस्ट्रॉफी' सांगितली. हा फुक्स कोण?

एर्न्स्ट फुक्स (१८५१–१९३०), व्हिएन्नाचा नेत्रतज्ज्ञ. त्याचं पाठ्यपुस्तक १८८९ मध्ये निघालं आणि अनेक भाषांत जाऊन जगभरच्या डॉक्टरांच्या दोन-तीन पिढ्या त्यावर घडल्या.

बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. तो पडद्यात झिरपलेलं पाणी सतत बाहेर उपसतो. माणसात या पेशी गेल्या की नव्या येत नाहीत. त्या वाजवीपेक्षा जास्त मरू लागल्या की पडद्याला सूज येऊन तो धुरकट होतो. या रोगाची खूण अशी की सकाळी उठल्यावर जास्त धूसर दिसतं आणि दिवस वर येईल तसं निवळतं, कारण झोपेत पापण्या मिटलेल्या असतात आणि पाणी उडून जात नाही. फुक्सने १९१० मध्ये असे १३ रुग्ण नोंदवले. बिघाड बाहेरच्या थरात आहे असं त्याला वाटलं. आतला थर जिवंत डोळ्यात पाहता येईल असं साधन तेव्हा हाताशी नव्हतं, हे लक्षात घेतलं की त्याच्या निरीक्षणाचं मोल अधिकच वाटतं.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी डॉक्टर हा थर तपासतात, कारण तो आधीच विरळ असेल तर शस्त्रक्रियेचा ताण त्याला झेपत नाही. त्यामुळे निदान झालं असेल तर ते प्रत्येक नव्या डॉक्टरला आधी सांगा. आता केवळ हा आतला थर बदलण्याची शस्त्रक्रियाही होते.

इंटरनेटवर शोधताना मात्र घोळ होतो. व्हिएन्नाचाच दुसरा एर्न्स्ट फुक्स (१९३०–२०१५) चित्रकार होता. डॉक्टर वारला त्याच वर्षी जन्मलेला.

योहान नेपोमुक फुक्स नावाचेही दोघे आहेत ना?

आहेत. एक वर आलेल्या रोबर्टचा थोरला भाऊ, संगीतकार. दुसरा बव्हेरियाचा रसायनतज्ज्ञ (१७७४–१८५६), ज्याने 'वॉटर ग्लास' म्हणजे पाण्यात विरघळणारी काच बनवली. सोडियम सिलिकेट या नावाने ती आज साबणापासून वेल्डिंगच्या कांड्यांपर्यंत सगळीकडे वापरतात. क्रोमियममुळे हिरवा झालेल्या अभ्रकाला त्याच्यावरून फुक्साइट म्हणतात. कर्नाटकातून येणारे, हिरव्या फुक्साइटमध्ये माणकाचे लाल ठिपके असलेले दगड प्रदर्शनांत विकायला असतात.

गणितात 'फुक्सियन' हा शब्द येतो, तो कशावरून?

लाझारुस फुक्स (१८३३–१९०२) याच्यावरून. पोझेनजवळच्या गावात, आजच्या पोलंडमध्ये तो जन्मला आणि पुढे बर्लिनला प्राध्यापक झाला. आपल्याकडे बीएस्सी किंवा इंजिनिअरिंगला डिफरन्शियल इक्वेशनची फ्रोबेनियस पद्धत शिकवतात. ती कोणत्या बिंदूपाशी चालेल आणि कुठे चालणार नाही, याचा पाया फुक्सच्या १८६० च्या दशकातल्या कामात आहे.

तरुण फ्रेंच गणितज्ञ प्वांकारेने १८८० च्या सुमारास ते काम वाचलं, त्यातून त्याला नवी फलनं सापडली आणि त्याने त्यांना फुक्सचं नाव दिलं. जर्मन गणितज्ञ फेलिक्स क्लाइनला ते मुळीच रुचलं नाही. या विषयात फुक्सचं काही नाही, असं त्याने पत्र लिहून कळवलं. प्वांकारेने नाव बदललं नाही. पुढच्या प्रकारच्या गटांना क्लाइनचं नाव देऊन त्याने विषय मिटवला. म्हणून आज गणितात 'फुक्सियन' आणि 'क्लाइनियन' असे दोन्ही गट नांदतात.

एका सामन्यात दहा गोल करणारा फुक्स, हे खरं आहे का?

खरं आहे. हे उत्तर लांबेल.

गॉटफ्रीड फुक्स, जन्म १८८९, कार्ल्सरूए. स्थानिक क्लबात त्याच्यासोबत आघाडीला युलियुस हिर्श खेळायचा. दोघे ज्यू, दोघे मित्र, एकाचं आडनाव कोल्हा तर दुसऱ्याचं हरीण. १९१० मध्ये त्यांचा क्लब जर्मनीचा विजेता झाला आणि दोघे राष्ट्रीय संघात आले. १ जुलै १९१२ रोजी स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये, हरलेल्या संघांच्या सांत्वन फेरीत जर्मनीने रशियाला १६–० ने हरवलं. त्यातले दहा गोल फुक्सचे. डेन्मार्कच्या सोफुस निल्सनने १९०८ मध्ये केलेल्या विक्रमाशी ही बरोबरी होती. २००१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या आर्ची थॉम्पसनने १३ गोल करेपर्यंत तो विक्रम टिकला. जर्मन संघाचा आजवरचा सर्वांत मोठा विजयही तोच सामना आहे. फुक्सच्या खात्यात सहा आंतरराष्ट्रीय सामन्यांत १३ गोल आहेत.

पहिल्या महायुद्धात दोघेही जर्मनीकडून लढले. नाझी आल्यावर त्या लढण्याला काही किंमत उरली नाही. फुक्स १९३७ मध्ये देश सोडून स्वित्झर्लंडला, तिथून फ्रान्सला आणि मग कॅनडात पोचला. तिथे त्याने नाव बदलून गॉडफ्री फॉक्स केलं. कोल्ह्याचा इंग्रजी शब्द नव्हे, आपल्याच आडनावातलं एक अक्षर बदलून केलेलं रूप. हिर्श मागे राहिला. १ मार्च १९४३ रोजी त्याला आउश्विट्झला पाठवलं गेलं. तो परत आला नाही.

१९७२ मध्ये म्युनिकचं नवं ऑलिंपिक स्टेडियम उघडणार होतं, तेही सोव्हिएत संघाविरुद्धच्या सामन्याने. जर्मनीचा माजी प्रशिक्षक झेप हेर्बेर्गर लहानपणापासून फुक्सचा चाहता. त्याने सुचवलं की फुक्सला पाहुणा म्हणून बोलवा. जर्मन फुटबॉल संघटनेच्या कार्यकारिणीने नकार दिला. एकाला बोलावलं तर पायंडा पडेल आणि पैसेही नाहीत, असं कारण दिलं. तो नकार ठरला तेव्हा फुक्स हयातच नव्हता. महिनाभर आधी मॉन्ट्रियलमध्ये त्याचं निधन झालं होतं. हिर्शच्या नावाचा पुरस्कार जर्मन फुटबॉल संघटना २००५ पासून देते. फुक्सचं नाव मात्र विक्रमांच्या यादीबाहेर क्वचितच ऐकू येतं, आणि याची मला खंत वाटते.

इंग्लिश प्रीमियर लीगमधला फुक्स?

क्रिस्टियान फुक्स, ऑस्ट्रियाचा तेव्हाचा कर्णधार, डावा बचावपटू. २०१५–१६ मध्ये लेस्टर सिटीने कुणाच्या ध्यानीमनी नसताना विजेतेपद मिळवलं, त्या संघात तो होता. लेस्टरचं टोपणनाव 'फॉक्सेस', म्हणजे कोल्हे. इतका चपखल योग क्वचितच जुळतो.

एडमंड हिलरीसोबत दक्षिण ध्रुवावर गेलेला फुक्स जर्मन होता का?

व्हिव्हियन फुक्स जन्माने इंग्रज. १९०८ मध्ये आइल ऑफ वाइटवर जन्मला. वडील येनाहून आलेले जर्मन. पहिल्या महायुद्धात इंग्लंडने त्यांना शत्रू देशाचा नागरिक म्हणून नजरकैदेत टाकलं. त्यांच्याच मुलाने पुढे ब्रिटनसाठी शॅकल्टनचं अपुरं राहिलेलं स्वप्न पुरं केलं, म्हणजे अंटार्क्टिका या टोकापासून त्या टोकापर्यंत ओलांडला.

२४ नोव्हेंबर १९५७ रोजी तो वेडेल समुद्राकडून बर्फावर चालणाऱ्या गाड्या आणि कुत्र्यांच्या घसरगाड्या घेऊन निघाला. हिलरीचं काम पलीकडच्या बाजूने येऊन वाटेत इंधनाचे साठे लावायचं होतं. ते आटोपून हिलरी ट्रॅक्टर घेऊन सरळ ध्रुवावरच गेला आणि ४ जानेवारीला पोचला. फुक्स १९ जानेवारीला. मोसम सरत आला आहे, उरलेली वाट पुढच्या वर्षी करा, असा हिलरीचा सल्ला होता. फुक्सने तो मानला नाही आणि २ मार्च १९५८ रोजी ३,४०० किलोमीटरहून अधिक अंतर ९९ दिवसांत कापून तो रॉस समुद्राच्या काठी पोचला. वर्तमानपत्रांनी याला दोघांची शर्यत बनवलं. मला ते अन्यायाचं वाटतं. बर्फाच्या थराची जाडी मोजत चाललेल्या माणसाचा वेग शर्यतीच्या मापाने मोजू नये.

मित्र त्याला 'बनी' म्हणत, म्हणजे ससुल्या. आडनाव कोल्ह्याचं आणि टोपणनाव सशाचं.

अणुबाँबचं गुपित फोडणारा क्लाउस फुक्स. त्याची हकीकत थोडक्यात?

जन्म १९११, र्‍युसल्सहाइम. वडील एमिल फुक्स पाद्री आणि समाजवादी. विद्यार्थी असताना क्लाउस कम्युनिस्ट पक्षात गेला. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आल्यावर इंग्लंडला पळाला. ब्रिस्टलला पीएचडी केली, एडिंबराला माक्स बोर्नकडे काम केलं. १९४० मध्ये ब्रिटनने त्याला शत्रू देशाचा म्हणून पकडून कॅनडातल्या छावणीत धाडलं, आणि वर्षभरात त्याच माणसाला रुडॉल्फ पायर्ल्सच्या हाताखाली अणुबाँबच्या गुप्त कामावर घेतलं. १९४४ मध्ये तो अमेरिकेत जिथे बाँब बनत होता त्या लॉस अलामॉसला पोचला.

या सगळ्या काळात तो सोव्हिएत संघाला माहिती देत होता. प्लुटोनियमचा गोळा चहूबाजूंच्या स्फोटाने आत दाबायची रचना, म्हणजे नागासाकीवरच्या बाँबचं मर्म, त्यात होतं. सोव्हिएत संघाने २९ ऑगस्ट १९४९ रोजी पहिला अणुस्फोट केला. उलगडलेल्या सांकेतिक तारांमुळे संशय फुक्सवर आला आणि जानेवारी १९५० मध्ये त्याने कबुली दिली. शिक्षा १४ वर्षांची. माहिती दिली तेव्हा सोव्हिएत संघ मित्रराष्ट्र होता, त्यामुळे कायद्याने याहून जास्त देता येत नव्हती. १९५९ मध्ये सुटल्यावर तो पूर्व जर्मनीत गेला, तिथे अणुसंशोधन संस्थेत मोठं पद, पक्षाच्या मध्यवर्ती समितीत जागा आणि मानसन्मान मिळाले. १९८८ मध्ये त्याचं निधन झालं.

त्याने पैशासाठी केलं नाही हे बहुतेक सगळे मानतात. बरोबर केलं का, यावर मात्र एकमत नाही. माझं मत विचाराल तर, ज्या मित्रांनी त्याला घरात जागा दिली, त्यांचा विश्वास त्याने वर्षानुवर्षं मोडला, हे कोणत्याही तत्त्वाने पुसलं जात नाही.

याच देशातला आणखी एक फुक्स इथे आठवलाच पाहिजे. युर्गेन फुक्स (१९५०–१९९९), लेखक. क्लाउसचा नातेवाईक नव्हे. गायक वोल्फ बीरमान याचं नागरिकत्व पूर्व जर्मनीने काढून घेतलं, त्याचा निषेध केला म्हणून नोव्हेंबर १९७६ मध्ये त्याला श्टाझी या गुप्त पोलिसांनी उचललं. नऊ महिने तुरुंगात चौकशी आणि मग पश्चिम बर्लिनला हद्दपारी. कागद-पेन्सिल नसलेल्या कोठडीत चौकशीतले संवाद त्याने मनात साठवले आणि बाहेर आल्यावर लिहून काढले. एकाच राज्यात एका फुक्सला सन्मानपदकं आणि दुसऱ्याला कोठडी. दोघेही आपापल्या विवेकाचा हवाला देत होते.

फुक्स आडनावाच्या प्रसिद्ध स्त्रिया?

सर्वांत हृद्य कथा कारोलीने फॉन फुक्स-मोलार्ड (१६८१–१७५४) हिची. हे आडनाव तिला लग्नाने मिळालं. ती सम्राज्ञी मारिया थेरेसाची बालपणापासूनची सांभाळकर्ती. राजवाड्यात तिला प्रेमाने 'फ्युक्सिन', म्हणजे कोल्हीण, म्हणत. ती गेल्यावर मारिया थेरेसाने तिला व्हिएन्नाच्या राजघराण्याच्या तळघरातल्या दफनभूमीत जागा दिली. हॅब्सबर्ग घराण्याबाहेरची तिथे पुरलेली ती एकटीच.

पूर्व जर्मनीची रूट फुक्स भालाफेकीत १९७२ आणि १९७६ अशा लागोपाठ दोन ऑलिंपिकची सुवर्णविजेती. अमेरिकेतली इलेन फुक्स त्वचेच्या मूळपेशींवर संशोधन करते आणि तिथलं राष्ट्रीय विज्ञान पदक तिला मिळालं आहे.

जुन्या कागदपत्रांत या आडनावाचा माणूस शोधायचा असेल तर?

एका स्पेलिंगवर विसंबू नका. 'एक्स'चं, 'के-एस'चं आणि जुन्या जर्मन छपाईतलं दुहेरी 'स'चं, अशी तिन्ही रूपं टाकून पाहा. स्थलांतर केलेल्या कुटुंबांत इंग्रजी भाषांतर करून 'फॉक्स' झालेले सापडतात, गॉटफ्रीडसारखं एकच अक्षर बदललेलेही सापडतात. जहाजांच्या प्रवासी याद्यांत कारकुनाने जसं ऐकलं तसं लिहिलेलं असतं. हे आडनाव इतकं सामान्य आहे की जन्मगाव आणि वर्ष हाताशी नसेल तर त्याच नावाची डझनभर माणसं समोर येतात. म्हणून आधी चर्चमधली बाप्तिस्म्याची नोंद किंवा ज्यू समाजाची जन्मनोंद मिळवा, आणि गाव पक्कं झाल्यावरच आडनावाच्या मागे लागा.